दोन जिल्हे, आठ जिम

अंडरआर्म क्रिकेटची स्पर्धा भरवणारा माणूस कोकणात वाडीवाडीत सापडतो. त्यामुळे आमच्या पोकेमॉन गोच्या (मोबाईल घेऊन फिरत पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचे आणि लढवायचे, तो खेळ) व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मे महिन्यात आपलंपण कायतरी करूया’ असं कुणीतरी टाकलं आणि चहा निवायच्या आत अख्खा आराखडा तयार झाला. शंभर रुपये प्रवेश फी, बाद पद्धत, विजेत्याला मोठा चषक, उपविजेत्याला छोटा, उद्घाटनाला सरपंच. एकानं तर समालोचकसुद्धा ठरवून टाकला.

मी नको म्हटलं. क्रिकेटमध्ये पहिल्या सामन्यात हरलेला संघसुद्धा दिवसभर मांडवात बसून बाकीचे सामने बघतो, वडापाव खातो, पंचांना शिव्या घालतो. पोकेमॉन गोमधली लढत तीन-चार मिनिटांत आटपते आणि तीही दोन मोबाईलच्या आत. बाजूला उभ्या असलेल्याला मान वाकडी करून बघावं लागतं. दोडामार्गाहून एसटी बदलत आलेला मुलगा पहिल्याच लढतीत बाद झाला तर उरलेला दिवस त्यानं करायचं काय?

दुसरं कारण याहून मोठं होतं. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावाला येतात. मुंबई-ठाण्यात घराबाहेर पाऊल टाकलं की पोकेस्टॉप, म्हणजे पकडायचे बॉल मिळायची ठिकाणं, कोपऱ्याकोपऱ्यावर जिम, म्हणजे लढतीचे अड्डे, आणि रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून एका मोठ्या पोकेमॉनशी लढायची वेळ, लागली की माणसं आपोआप जमतात. आमच्याकडे गावात ग्रामदेवतेचं देऊळ आणि नशीब असेल तर एसटी स्टँड, एवढेच स्टॉप. २०१६ च्या डिसेंबरात हा खेळ भारतात अधिकृतपणे आला तेव्हापासून हे असंच चालू आहे. जिथे माणसं आणि नकाशावर नोंदवलेल्या जागा जास्त, तिथे पोकेमॉन जास्त, बॉल जास्त, सगळंच जास्त. बाद पद्धत ठेवली असती तर शेवटचे चारही डोंबिवली-बोरिवलीचे निघाले असते आणि चषक तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसून परत गेला असता.

म्हणून मी जिम लीडर चॅलेंज सुचवलं. कल्पना माझी नाही, जगभर खेळाडू आपापसात असली आव्हानं चालवतात. मूळ गेम १९९६ साली जपानमध्ये आले तेव्हापासून आठ जिम, आठ लीडर, आठ बॅज हा साचा ठरलेला आहे, आणि कार्टून नेटवर्कवर हिंदीतला पोकेमॉन बघून मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला तो समजावून सांगावा लागत नाही. आमच्यातलेच आठ जण लीडर, प्रत्येकाकडे एकाच टाईपचे, म्हणजे आग, पाणी, वीज अशा एकाच गुणाचे पोकेमॉन. आव्हानवीरानं कुठल्याही लीडरकडे कुठल्याही क्रमानं जायचं. जिंकला तर बॅज, हरला तर परत ये, कितीही वेळा ये. गेमच्या नकाशावर जे जिम दिसतात, ज्यांच्यावर पोकेमॉन बसवून नाणी मिळवतात, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. आमचे जिम म्हणजे चालती-बोलती माणसं.

खेळाची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. दोघांचे तीन-तीन पोकेमॉन, दोघांकडे दोन-दोन शील्ड. स्क्रीनवर बोट आपटत राहिलं की फास्ट मूव्ह लागत राहतो आणि ऊर्जा साठते, पुरेशी साठली की चार्ज मूव्ह सोडायचा. समोरून चार्ज मूव्ह आला की शील्ड खर्च करायचं की मार खायचा, हे काही सेकंदांत ठरवावं लागतं. टाईप अनुकूल असेल तर मार १.६ पट बसतो, आणि समोरच्याचे दोन्ही टाईप त्याला कच्चे असतील तर २.५६ पट. पोकेमॉन बदलता येतो, पण एकदा बदलला की काही वेळ पुन्हा बदलता येत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, देवगडला उपयोगी पडेल.

लीडर निवडताना आधी जागा ठरवल्या आणि मग त्या जागेला शोभेल असा टाईप. सगळ्या उपद्व्यापात हाच भाग सर्वांत मजेचा झाला. चिपळूणला इलेक्ट्रिक, कारण कोयनेचं पोफळीचं वीजघर त्याच तालुक्यात. राजापूरला फायर, उन्हाळे गावच्या गरम पाण्याच्या कुंडांमुळे. दापोलीला बग, कारण तिथला आमचा खेळाडू कृषी विद्यापीठात शिकतो आणि आंब्यावरच्या तुडतुड्यांवर तासभर बोलू शकतो. हर्णैला काय, यावर सगळे ‘वॉटर’ म्हणत होते. पण संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला बंदरावर जाऊन आलेल्या माणसाला विचारा. पायाखाली पाणी असतं ते बर्फाचं. हर्णैला आईस.

रत्नागिरीच्या रॉकवर चर्चाच झाली नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी जांभ्यात प्राणी कोरून ठेवलेत. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले, आणि काही ठिकाणी तर कुठलं जनावर ते ओळखूच येत नाही. राक्षसी प्राणी गोळा करायची हौस कोकणाला आमच्या मोबाईलच्या खूप आधीपासून आहे, असं आमचा रत्नागिरीचा लीडर प्रत्येक आव्हानवीराला ऐकवतो, मग तो ऐको न ऐको.

सावंतवाडीला फेअरी, चितार आळीतल्या लाकडी खेळण्यांमुळे. हे तिथल्या लीडरला, म्हणजे भरघोस मिशा असलेल्या एका एसटी कंडक्टरला, पटायला वेळ लागला. आता तो बॅज खिशाला लावून ड्युटीवर जातो. मालवणला मात्र वॉटरशिवाय दुसरं काही शक्यच नव्हतं. लीडर तारकर्लीकडे पर्यटकांना पाण्याखाली नेणारा डायव्हर. त्याच्या सहा पोकेमॉनांत एक कॉर्सोला असतोच. हा पोकेमॉन गेममध्ये उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांच्या आसपासच मिळतो, आणि तो प्रवाळावरून बेतलेला आहे. लढाईत त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, वॉटर आणि रॉक असल्यानं गवताचा एक फटका त्याला २.५६ पट बसतो. ‘पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला खरं प्रवाळ रोज बघतो मी. ते सोडून मी काय स्वँपर्ट लावू?’ असं त्याचं म्हणणं. स्वँपर्टही लावतो, ते वेगळं.

आता नियम. पहिला नियम सोपा होता, ग्रेट लीग, म्हणजे १५०० सीपीच्या (सीपी हा पोकेमॉनच्या ताकदीचा आकडा) वर कुणी नाही. गेममध्ये २५०० ची आणि बिनमर्यादेची लीगही आहे, पण तिथे गावातल्या पोराला काही वाव नाही. १५०० च्या मर्यादेत खेळ उलटा होतो. सीपीच्या सूत्रात अटॅक पुरता मोजला जातो आणि डिफेन्स व एचपी (जीव) यांचं वर्गमूळ घेतलं जातं. म्हणून ज्याचा अटॅक जन्मतः कमी आणि बाकीचे दोन भरपूर, तो पोकेमॉन १५०० च्या आत जास्त ताकद कोंबून बसतो. ०-१५-१५ असा आयव्ही, म्हणजे अटॅक-डिफेन्स-एचपीचे पंधरापैकी जन्मजात गुण, असला की तपासणीत दोनच तारे दिसतात आणि शहरातली पोरं तीन ताऱ्यांच्या नादात तो प्रोफेसरकडे पाठवून, म्हणजे टाकून देऊन, एक कँडी (पोकेमॉनची ताकद वाढवायचा खाऊ) घेतात. आमच्या पोरांना मुळात पोकेमॉनच कमी मिळतात, त्यामुळे ती असलं काही टाकत नाहीत. वैभववाडीच्या एका मुलीच्या पेटीत अशा ‘टाकाऊ’ मालाचा साठा बघून मुंबईच्या दोघांनी तोंडात बोट घातलं.

दुसरा नियम, एक्सएल बंद. २०२० च्या अखेरीस पोकेमॉनची कमाल पातळी ४० वरून ५० झाली आणि वरच्या पातळ्यांना एक्सएल कँडी लागू लागली. ती मिळवायची तर एकच जात शेकड्यांनी पकडावी लागते. दोन स्टॉपच्या गावात बॉलच संपतात. तपासायला सोपं म्हणून नियम असा लिहिला की पॉवर-अपच्या बटणाशी एक्सएल कँडी दिसली तर तो पोकेमॉन चालणार नाही. बोट दाखवून संपलं. यावर ग्रुपवर दोन दिवस आग लागली होती. मेडिचॅम नावाच्या, एक्सएल लागणाऱ्या पोकेमॉनवर महिनोन्‌महिने खर्च केलेल्या ठाण्याच्या एका दादानं ‘मग आम्ही मेहनत केली ती पाण्यात?’ असा सवाल केला. मेहनत पाण्यात नाही, मेडिचॅम ठाण्यात, असं मी उत्तर दिलं. तो रुसला, पण आला.

तिसरा नियम लीडरांसाठी. प्रत्येकानं सहा पोकेमॉन आधीच जाहीर करायचे आणि लढतीला त्यातले तीन घ्यायचे. आव्हानवीराला सहा माहीत, कुठले तीन येणार ते नाही. याचा फायदा असा की तयारी करता येते. दुसरा चार्ज मूव्ह उघडायला काही पोकेमॉनना १०,००० स्टारडस्ट (खेळातली खर्चायची पूड) लागतो, काहींना त्याहून बराच जास्त, आणि लेजेंडरी म्हणजे खास दुर्मिळ पोकेमॉनला १,००,०००. ज्याच्याकडे मोजकाच स्टारडस्ट आहे त्याला तो कुणावर खर्चायचा हे आधी कळायला हवं. त्याच्या जोडीला आणखी एक ठरवलं, आठांपैकी सहा बॅज मिळाले की पुरे. दापोली ते सावंतवाडी पालथं घालायला सगळ्यांकडे बाईक आणि पेट्रोल नसतं.

प्रवेश फी काढून टाकली. पैसे आले की हिशेब आला, हिशेब आला की भांडण आलं. चषकाऐवजी बॅज करायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण कणकवलीत माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि सोल्डरिंगची कांडी माझ्याकडे तापलेलीच असते. बॅज करवंटीचे. सुक्या नारळाच्या करवंटीचा डोळ्यांकडचा भाग सोडून द्यायचा, तो जाड आणि वेडावाकडा असतो. बाजूच्या भागातून ड्रिलला गोल कटर लावून रुपयाहून थोडी मोठी चकती काढायची. कटर फिरताना जळक्या खोबऱ्यासारखा वास सुटतो आणि तपकिरी पूड नाकात जाते. मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक. करवंटी घासली की तिच्यात फिकट रेघा दिसायला लागतात, प्रत्येक चकतीवर वेगळ्या. त्यावर कांडीच्या टोकानं टाईपचं चिन्ह जाळून काढायचं. इलेक्ट्रिकचं सोपं, फेअरीचं त्रासदायक. शेवटी खोबरेल तेलाचं बोट. दुकानात मोबाईल घेऊन आलेल्या एका काकूंनी ते बघून ‘बटणां करतंस काय रे?’ असं विचारलं आणि चार मागून घेतली. त्या अजून ब्लाऊजला लावतात की काय मला माहीत नाही.

मुलं लहान असतात म्हणून काही गोष्टी पहिल्याच दिवशी लिहून काढल्या. भेटायचं ते एसटी स्टँड, बंदर, देवळाचं आवार, स्टेशन, असं चारचौघांत. सोळाच्या आतल्याबरोबर घरचं कुणीतरी हवं. दिवेलागणीनंतर लढत नाही. फ्रेंड लिस्टवरून दुरूनही लढता येतं, पण बॅज हवा असेल तर समोरासमोर येऊन, क्यूआर कोड स्कॅन करूनच. या एका नियमानं खोटं लोकेशन लावून घरात बसल्या बसल्या जग फिरणारे आपोआप गळाले. गेममध्ये ते असतील टोकियोत, पण देवगडच्या बंदरावर उभं राहायला पाय लागतात.

रेंजचा प्रश्न मात्र नियमानं सुटत नाही. अर्ध्या सेकंदाच्या खेळात दोन सेकंद स्क्रीन थिजली की एक अख्खा पोकेमॉन जातो. कोकणात रेंज कुठे येते हे त्या त्या गावच्या माणसालाच माहीत असतं, सड्यावर येते, खाडीकाठी जाते, लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरही बसतो. म्हणून प्रत्येक लीडरनं आपली लढतीची जागा आधी स्वतः खेळून तपासली. रत्नागिरीवाल्यानं तर एका चिऱ्याच्या गडग्यावर खडूनं फुली मारली होती आणि आव्हानवीराला तिथेच बसवायचा. दोघांनीही स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, दोघांचं थिजलेलं दिसलं तर लढत पुन्हा, एकाचंच थिजलं तर तिघांची समिती बघून ठरवणार. समितीत एकही लीडर नव्हता. मीही लीडर झालो नाही तो याचसाठी.

सुरुवात बरी झाली. दापोलीचा कीटकतज्ज्ञ फटाफट हरत होता आणि खूष होता. त्याचा फॉरेट्रेस बग आणि स्टील, आगीच्या एका फटक्यात संपायचा, आणि संपल्यावर तो मुलांना खऱ्या बागेत नेऊन कुठली अळी कुठल्या पानाखाली असते ते दाखवायचा. हर्णैचा लीडर बोटीवर असल्यानं कधी मिळेल याचा नेम नव्हता. त्याला मोकळीक मिळते ती १ जूनपासून, मासेमारीबंदी लागली की, आणि तोपर्यंत निम्मे चाकरमानी परत गेलेले असतात. मग त्यानं लिलाव आटपल्यावर, हातपाय धुऊन, दिवस मावळायच्या आत वीस मिनिटं द्यायची असं ठरलं. आव्हानवीर बंदरावर टोपल्यांच्या बाजूला रांग लावून उभे. कोळणींना वाटलं ही मंडळी सुरमई घ्यायला आली आहेत आणि बघून जातात, घेत नाहीत.

गाडीतल्या लढतीची कल्पना राजापूरच्या लीडरची. ती शाळेत शिकवते, राहते राजापूर रोड स्टेशनच्या जवळच्या वाडीत. स्टेशन गावापासून बरंच लांब, त्यामुळे मुंबईहून येणारं कुणी तिच्याकडे मुद्दाम उतरेना. पण कोकण रेल्वे बऱ्याच भागात अजून एकेरी आहे आणि पॅसेंजरला क्रॉसिंगसाठी बाजूला काढून ठेवतात हे सगळ्या कोकणाला पाठ आहे. तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘पॅसेंजरने येणाऱ्यांनी गाडी आमच्याकडे थांबली तर डब्याचा नंबर कळवावा. मी फलाटावर येते.’

मी एकदा मुद्दाम तिथे गेलो होतो. दिवा-सावंतवाडी येऊन लूपला उभी राहिली, माणसं खाली उतरून पाय मोकळे करायला लागली, कुणी बाटल्या भरायला नळाकडे धावलं. डोंबिवलीचा एक पोरगा दारातून उडी मारून बाईंकडे आला, ‘मॅडम, तुम्ही का?’ म्हणाला आणि त्यांनी पदर खोचून मोबाईल काढला. तीनपैकी दोन जिंकायच्या. पहिली बाईंनी खाल्ली, टॅलनफ्लेमनं, पोराला कळायच्या आत. दुसऱ्याला त्यानं रॉक टाईपवाला पुढे काढला, टॅलनफ्लेम फायर आणि फ्लाइंग, दगड त्याला २.५६ पट लागतो, ती त्याची. तिसरी सुरू झाली आणि लांबून शिट्टी ऐकू आली. एक्स्प्रेस धडधडत निघून गेली, फलाटावरचा धुरळा दोघांच्या स्क्रीनवर. आता पॅसेंजरचा सिग्नल कधीही पडणार. पोराची आई खिडकीतून ओरडतेय, बाईंचं लक्ष शील्डवर, पोराचं लक्ष गाडीवर. बाईंनी शेवटचा टॉरकोल बाहेर काढला. हा आपल्या भागात मिळणारा पोकेमॉन आहे म्हणून त्यांचा तो लाडका, एरवी संथ आणि कुचकामी. आईनं ‘अरे चढ!’ म्हटलं त्याच वेळी टॉरकोल पडला. गाडी हलली, पोरगा दारात, आणि बाई फलाटावरून चालत चालत करवंटीचा बॅज त्याच्या हातात ठेवताहेत. आजूबाजूच्या लोकांना वाटलं डब्यात कुणाचं तरी काही राहिलं होतं.

आणि मग देवगड. तिथला लीडर आंबा बागायतदार, टाईप फ्लाइंग, खडकावरच्या पवनचक्क्यांमुळे. त्याचे सहा असे रचलेले की एका युक्तीनं कुणी जिंकू नये. उडणाऱ्यावर वीज चालते असं समजून सगळे इलेक्ट्रिक घेऊन येत. त्याचा आल्टेरिया ड्रॅगनसुद्धा आहे, ड्रॅगन वीज झेलतो, म्हणजे फायदा शून्यावर. बर्फ आणला तर आल्टेरिया वितळतो, पण मागून स्कार्मरी, स्टील आणि फ्लाइंग, त्याला बर्फ साधाच लागतो. पेलिपर वॉटर, त्यालाही बर्फ साधाच. शिवाय माणूस खेळायला भलता चोख. पहिल्या पंधरवड्यात देवगडचा एकही बॅज गेला नाही आणि मी केलेल्या चकत्या त्याच्या खोक्यात तशाच.

ग्रुपवर कुरकुर वाढली तेव्हा मी देवगडला गेलो. सीझन जोरात होता. शेडमध्ये पेट्या भरणं चालू, खाली गवत पसरलेलं, त्याच्या बोटांना चीक लागून काळे डाग पडलेले आणि तसल्याच बोटांनी तो फोन हाताळत होता. मी विषय काढल्यावर तो पेटीत फळं लावत लावतच बोलला.

‘मी मुद्दाम हरूचंय नाय. हरलंय म्हणान नाटक केलंय तर पोराक कळतला. मगे तो बॅज घेवन तो काय करतलो?’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दापोलीला जाऊन आलेली मोठी मुलंही म्हणायची की तो बॅज घरी दाखवायला बरा. पण माझंही एक म्हणणं होतं आणि ते मी त्याला सांगितलं. लीडरनं जिंकायचंच असेल तर त्यासाठी गेमची स्वतःची रँकिंगवाली लीग आहे, तिथे जगभरातली माणसं मिळतात. आपल्याकडे मुलगा येतो तो हरला तरी परत यावासा वाटेल म्हणून. आंब्याच्या बागेतून तीनदा हात हलवत गेलेलं गिऱ्हाईक चौथ्यांदा येत नाही. हे त्याला लागलं. त्यानं एक फळ उचलून देठाकडून दाबून बघितलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाला, ‘मगे उघड उघड कायतरी करूया. लपान नको.’

तिथेच, पेटीवर बसून, आम्ही शील्डचा नियम लिहिला. एकाच आव्हानवीराच्या पहिल्या दोन खेपांना लीडर पूर्ण ताकदीनं खेळणार. तिसऱ्या खेपेपासून लीडर एकच शील्ड वापरणार, आणि हे समोरच्याला आधी माहीत असणार. दोन शील्ड गेम देतोच, पण दुसरं वापरायचं नाही हे लीडरच्या हातात आणि दोघांच्या रेकॉर्डिंगमध्ये दिसतं. नियम आठही जिमना लागू केला. चिपळूणवाल्यानं थोडी नाराजी दाखवली, बाकी कुणी काही बोललं नाही.

त्या नियमाचा पहिला फायदा वैभववाडीच्या त्याच मुलीला झाला, टाकाऊ माल जपून ठेवणाऱ्या. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, मामाच्या बाईकवर मागे बसून यायची. दोनदा हरून गेली होती. तिसऱ्या खेपेला मी तिथेच होतो. तिचे तीन, लँटर्न, अबोमास्नो आणि तिच्या गावच्या देवळापाशी पकडलेला एक ग्रॅव्हलर. त्यानं पेलिपर पुढे काढला, समोर तिचा लँटर्न, वीज आणि पाणी. पेलिपरला वीज २.५६ पट, म्हणून त्यानं लगेच बदलून आल्टेरिया आणला. नेहमी हेच करायचा आणि नेहमी चालायचं. पण तिला हे दोन खेपांत पाठ झालं होतं. आल्टेरिया आला त्याच क्षणी तिनं अबोमास्नो काढला, बर्फ, आणि आता त्याला काही काळ बदलता येईना. पहिला वेदर बॉल त्यानं शील्डवर घेतला. दुसरा आला तेव्हा त्याचं बोट स्क्रीनवर गेलं आणि थांबलं. दुसरं शील्ड होतं, पण ते वापरायचं नव्हतं. आल्टेरिया गेला. स्कार्मरीनं अबोमास्नोला संपवलं, लँटर्ननं स्कार्मरीला, आणि शेवटी अर्धमेल्या लँटर्नसमोर ताजा पेलिपर, तरी पाण्याचा मारा लँटर्नला निम्म्याहून थोडाच जास्त लागतो आणि विजेपुढे पेलिपर टिकत नाही. ग्रॅव्हलरला बाहेर यावंच लागलं नाही.

‘दोन शील्डं असती तर?’ मामानं विचारलं.

‘तर ती चौथ्या खेपेक इली असती,’ लीडर म्हणाला, बॅज दिला आणि मामाच्या पिशवीत अर्धा डझन आंबे घातले. दुखावला होता की नव्हता ते सांगता येणार नाही. त्यानंतर मात्र त्याच्याकडे गर्दी वाढली, आणि बहुतेकांना बॅज मिळाला तो तिसऱ्या खेपेनंतरच.

सहा बॅज जमवलेल्यांची शेवटची साखळी लढत कणकवलीत, एका ओळखीच्या क्लासच्या खोलीत झाली. बाहेर पावसाचा पहिला सडाका, आत पंखे बंद, कारण लाईट गेली होती. पॉवर बँक फिरत होत्या. ठाण्याचा मेडिचॅमवाला दादा दुसरा आला, वैभववाडीची मुलगी पहिली. बक्षीस म्हणून एक मोठी करवंटी, तिच्यावर आठही चिन्हं, आणि फेअरीचं चिन्ह यावेळी जरा बरं जमलेलं.

पुढचं शिमग्याला घ्यायचं म्हणतात, तेव्हा ऊनही कमी आणि चाकरमानीही येतात. वैभववाडीच्या मुलीला आता लीडर व्हायचंय, घोस्ट टाईप मागतेय. नववा जिम चालेल की आठच हवेत यावर ग्रुप दोन तटांत विभागलाय आणि मी अजून मत दिलेलं नाही. लीडरांच्या सहाच्या याद्या मागवल्यात, पहिली आली ती देवगडहून, न मागता. दोन पोकेमॉन नवे आहेत. खाली एक अट लिहिलीय: शील्डचा नियम राहू दे, पण माझ्याकडे येणाऱ्यांना देवगडच्या लढतींची जुनी रेकॉर्डिंग कुणी पाठवायची नाहीत.